बारा व्होल्टांची होडी: ट्रोलिंग मोटरचं बॅटरी वायरिंग कसं करावं

"काका, मोटर फिरता, पण जोर नाय," असा पुतण्याचा फोन आला तेव्हा मी परसात नारळ सोलत होतो. तो नेरूरपार पुलाच्या खालच्या अंगाला, सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीच्या मधोमध, चार पाहुणे घेऊन अडकलेला. ओहोटी लागलेली, पाणी देवबागच्या दिशेने, समुद्राकडे, ओढत होतं आणि नवीकोरी ५५ पौंडांची (हे वजन नव्हे, ढकलण्याचा जोर) मोटर पुऱ्या वेगावर असूनही होडी जागच्या जागी. "मेल्या, वल्ही आसत मां?" एवढंच मी विचारलं. होती. पाहुण्यांनीच हौसेने मारली, वर त्याचे पैसेही कापून घेतले नाहीत.

मोटरचं वायरिंग त्याने स्वतः केलं होतं. घराचं वायरिंग असतं तर मी त्याला शंभरपैकी नव्वद मार्क दिले असते. लाल-काळी ४ एमएमची वायर, दर हातभर अंतरावर क्लिपा, बॅटरीपासून नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, नीट ओढलेली, मोटरशेजारी छोट्या डब्यात एमसीबी. मी वीज मंडळात ३१ वर्षं वायरमन होतो, मीही पहिल्या दिवशी तसंच केलं असतं. घोटाळा तिथेच आहे. घरच्या वायरिंगच्या जवळजवळ सगळ्या सवयी होडीत उलट्या पडतात.

नावाबद्दल आधी सांगतो, कारण आमच्याकडे ट्रोलिंग मोटर म्हटलं की लोकांना ट्रॉलर आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. ट्रोलिंग म्हणजे गळ पाण्यात सोडून होडी हळूहळू चालवणं. त्यासाठी केलेली ही आवाज न करणारी बॅटरीवरची मोटर. खाडीत पक्षी दाखवायला, चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडांच्या मुळाशी तांबोशीला गळ टाकायला झकास. कर्लीच्या मुखाशी, जिथे समुद्राची लाट आत येते, तिथे मात्र ही मोटर नेऊ नका. तिथे पेट्रोलचं आउटबोर्डच हवं.

आता मूळ हिशेब. ५५ पौंडांची १२ व्होल्टची मोटर पुऱ्या वेगाला साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॅट. घरात ६०० वॅटची मिक्सरची मोटर २३० व्होल्टवर अडीच-पावणेतीन अँपिअर घेते आणि बोटाएवढी जाड वायर कुणी मिक्सरला लावत नाही. इथे वॅट तेवढेच, पण व्होल्टेज जवळपास एकोणीस पट कमी, म्हणून करंट एकोणीस पट जास्त. वायरीत जी गळती होते ती करंटवर होते. घरात एक-दोन व्होल्ट वाटेत गेले तर कुणाला पत्ता लागत नाही. १२ मधले दोन गेले तर होडी उभी राहते.

पुतण्याची होडी काठाला आली तेव्हा मी मल्टिमीटर घेऊन बसलो. मोटर पाण्यातच ठेवून पुऱ्या वेगाने चालवली. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१ व्होल्ट. नाळेवर मोटरच्या प्लगात १०.२. बॅटरी ठणठणीत होती, मोटरही. मधल्या वायरीने पावणेदोन व्होल्ट गिळले होते आणि उरलेले प्लगने. वायरीवर हात फिरवला तर ती उन्हात ठेवलेल्या तव्यासारखी. व्होल्ट कमी पोचल्याने मोटर पन्नासऐवजी चाळीसच अँपिअर ओढत होती. चाळीस अँपिअर गुणिले पावणेदोन व्होल्ट म्हणजे सत्तर वॅटची शेगडी त्याने होडीच्या कडेने क्लिपा मारून बसवली होती.

हा हिशेब कुणालाही घरी करता येतो. वायरीची जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचे स्क्वेअर एमएम (दुकानात नुसतं एमएम म्हणतात ते). उत्तर येतं ते वाटेत जाणारे व्होल्ट. 'जाऊन-येऊन' हे शब्द विसरू नका. बॅटरी मोटरपासून ५ मीटरवर असेल तर तांबं १० मीटरचं आहे, कारण करंटला परतही यायचं असतं. १० मीटर, ५० अँपिअर आणि ४ एमएम घातलं तर जवळजवळ २.२ व्होल्ट. १६ एमएम घातलं तर अर्ध्या व्होल्टच्या किंचित वर. २५ एमएम घातलं तर ०.३५. मी अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. त्यासाठी खिसा किती रिकामा करायचा ते लांबीवर ठरतं, म्हणून वायर जाड करण्याआधी बॅटरी जवळ आणता येते का ते बघा.

पण अगदी नाळेतही नको. नाळेवर मोटर, मोटर धरणारा माणूस आणि बॅटरी असं तिघांचं वजन आलं की होडी नाक खुपसते आणि मागची बाजू वाऱ्यावर फिरते. आम्ही १६ फुटी फायबरच्या होडीत बॅटरी मधल्या फळीखाली आणली. वायर ३ मीटर उरली, ती २५ एमएमची टाकली.

कुठली वायर, हा प्रश्न खाऱ्या हवेत महत्त्वाचा. गॅरेजवाले वेल्डिंगची केबल सुचवतात. ती मऊ असते, वळते छान, करंटलाही पुरते. पण तिचं तांबं उघडं असतं. टोकाला एकदा खारं पाणी शिरलं की ते बारीक तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत चढत जातं. गेल्या मे महिन्यात एका होडीची अशी केबल मी टोकापासून वीतभर सोलली. बाहेरून प्लास्टिक चकचकीत, आतल्या तारा चहाच्या चोथ्यासारख्या काळ्या, चिमटीत धरल्या तर भुरभुर तुटल्या. मिळाली तर कथिलाचा मुलामा दिलेली मरीन केबल घ्या, तारा चंदेरी दिसतात तीच. नाहीच मिळाली तर साधी चालेल, पण टोकं अशी बंद करा की हवाही आत जाऊ नये.

टोक बंद करणं म्हणजे टेप गुंडाळणं नव्हे. टेप आमच्याकडे एका पावसाळ्यात गोंद सोडते आणि खाली ओल धरून ठेवते. तांब्याची मुलामा दिलेली लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची भोकाची टोपी, घ्या, वायरीच्या मापाचीच. क्रिम्पिंगच्या षटकोनी जबड्याने दाबा. हातोडीने ठोकलेली लग दिसायला घट्ट दिसते, आत तारा सैलच राहतात. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवून तापवा, कडेने गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे. टर्मिनल आधी कोरडं, स्वच्छ करून घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. उलटा क्रम करू नका. काही बॅटऱ्यांना पंखांचा नट येतो, हाताने फिरवायचा. तो फेकून द्या आणि आत नायलॉनची कडी असलेला नट पान्याने लावा. होडी दिवसभर थरथरत असते, पंखांचा नट चार फेऱ्यांत ढिला होतो.

सांधा बरा आहे की नाही हे ओळखायची युक्ती. आम्हा वायरमनना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की वायरीला हात लावायचा नाही. इथे हातच मीटर. दहा मिनिटं पुऱ्या वेगाने मोटर चालवा, बंद करा आणि लगेच एकेका सांध्यावर बोट ठेवत जा. सगळे कोमट आणि एकच चटका देणारा असेल, तर गुन्हेगार तोच. बारा व्होल्ट कोरड्या हाताला शॉक देत नाहीत. शॉक देत नाहीत म्हणूनच लोक त्यांना घाबरत नाहीत, आणि मी तरी कुठे घाबरलो होतो ते पुढे सांगतोच.

त्याआधी फ्यूज. पुतण्याने एमसीबी मोटरशेजारी लावला होता, कारण घरात स्विच हाताशी असतो. पण फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायरीचं प्लास्टिक फळीच्या कडेला घासून फाटलं आणि लाल-काळी भेटली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. ते अडवणारा नाळेत बसला असेल तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघड्यावर. म्हणून फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. ५० अँपिअरच्या मोटरला ६० चा.

आणि घरातला एमसीबी नको. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना उठलेली ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीला शून्य नसतं, ठिणगी लांबत जाते आणि आतले संपर्क चिकटू शकतात. छपरावर सोलर आल्यापासून डीसीचे एमसीबी तालुक्याच्या दुकानातही मिळतात, पण त्यातले बरेचसे प्लस-मायनसची दिशा पाळणारे असतात. अंगावरची खूण वाचून लावा. नाहीतर गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमवाल्याकडे मिळणारा जाड पट्टीचा फ्यूज घ्या, साधा आणि निमूट काम करणारा.

फ्यूज उडाला तर आधी पंखा बघा. आमच्या खाडीत दहापैकी सात वेळा पंख्यामागे तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेलं निघतं. मोटर अडते, करंट चढतो, ब्रेकर पडतो. नट काढून पंखा उतरवा आणि तंगूस ब्लेडने कापून काढा. ओढून काढलंत तर ते दांड्याच्या रबरी सीलमध्ये रुतून मोटरीत पाणी घेतं. मोठा फ्यूज घालणं हा इलाज नव्हे.

बॅटरी कुठली घ्यावी यावर आमच्या कट्ट्यावर अख्खी संध्याकाळ जाते. माझं मत थोडक्यात. मोटारगाडीची बॅटरी नको. ती स्टार्टरला एकदा जोराचा झटका द्यायला केलेली, पातळ प्लेटांची. रोज निम्मी रिकामी केली तर हंगामभरसुद्धा टिकणार नाही. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोल उपसा सोसते, पण १५० अँपिअर-अवरची (अँपिअर गुणिले तास, म्हणजे बॅटरीच्या पोटातला साठा) एक बॅटरी म्हणजे पन्नास-साठ किलोचा धोंडा, उंच, आणि होडी कलली की ॲसिड सांडणार. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या त्यातल्या त्यात बऱ्या. लिथियम फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी बारा किलोच्या आसपास, एका हाताने उचलून घरी नेता येते. पैसे असतील तर तीच.

मात्र लिथियमच्या पोटात बीएमएस नावाचं, बॅटरीला सांभाळणारं सर्किट असतं. त्याची सलग करंट देण्याची मर्यादा मोटरच्या कमाल करंटपेक्षा बरीच जास्त हवी. ५० अँपिअरच्या मोटरला मी १०० चं मागतो. कमी असेल तर ते भर खाडीत, काही न सांगता, दिवा विझवावा तसं सगळं बंद करतं. शिवाय लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं, त्यावरून पोटात किती उरलंय ते कळत नाही. आलेला-गेलेला करंट मोजणारा शंटवाला मीटर लावा. शिशाच्या बॅटरीचं तसं नाही. तासाभराच्या विश्रांतीनंतर १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली नेऊ नये.

आता दोन बॅटऱ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आठवा. दोन टाक्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर नळाचा जोर तोच, पाणी दुप्पट वेळ येतं. एकीवर एक चढवल्या तर जोर वाढतो. शेजारी म्हणजे पॅरलल, चढवल्या म्हणजे सिरीज.

१२ व्होल्टच्या मोटरला जास्त वेळ हवा असेल तर पॅरलल. प्लसला प्लस, मायनसला मायनस, व्होल्ट १२ च, अँपिअर-अवर दुप्पट. मोटरची लाल वायर पहिल्या बॅटरीच्या प्लसवरून आणि काळी दुसऱ्या बॅटरीच्या मायनसवरून घ्या, तिरपी. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती जास्त राबते आणि आधी म्हातारी होते. जोडण्याआधी दोन्ही पूर्ण चार्ज करा, नाहीतर भरलेली बॅटरी रिकामीत धो-धो ओतते.

मोटर २४ व्होल्टची असेल तर सिरीज. पहिलीच्या प्लसपासून दुसरीच्या मायनसला एक तुकडा. उरलेलं पहिलीचं मायनस आणि दुसरीचं प्लस मोटरकडे. व्होल्ट २४, अँपिअर-अवर तेवढेच. दोन्हीकडे बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या. जुन्याला नवी जोडली तर नवी जुन्याच्या चालीने चालायला लागते. लिथियमच्या सगळ्या बॅटऱ्या सिरीजमध्ये चालत नाहीत, विकणाऱ्याला आधी विचारा. आणि २४ च्या जोडीतल्या एकीवरून मासे दाखवणारं यंत्र किंवा दिवा चालवू नका. ती एकटी उतरत जाते आणि चार्जिंगला जोडीत भांडण लागतं. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

माझी फजिती इथली. दुसरी बॅटरी आणली, काम पॅरललचं होतं. पण सकाळी पुतण्याला दाखवायला म्हणून सिरीज जोडून मीटरवर २५.४ व्होल्ट दाखवले. जेवलो, झोपलो. संध्याकाळी पॅरलल करायला बसलो आणि सकाळचा तुकडा काढायचा राहिला. प्लस ते प्लसची लाल वायर पहिलीवर आवळली आणि दुसरं टोक दुसरीच्या प्लसवर टेकवलं. दोन तुकड्यांतून दुसऱ्या बॅटरीचं प्लस आणि मायनस सरळ एकमेकांना भेटलं. निळा-पांढरा लखलखाट, फटाक्यासारखा आवाज, आणि लग टर्मिनलला चिकटून बसली. वायरीच्या प्लास्टिकला धूर. शेजारी वल्हं पडलेलं होतं, त्याने लग उडवली. टर्मिनलचा कोपरा वितळून शिशाचा मण्याएवढा थेंब फळीवर पडला होता, त्याचा काळा डाग अजून आहे. ३१ वर्षांत ११ हजारांच्या लाइनने मला जे केलं नाही ते बारा व्होल्टांनी केलं, डोळ्यांसमोर अर्धा तास निळे ठिपके नाचत होते. बॅटरी नुकती चार्ज होऊन उतरली असती आणि भोवती हायड्रोजन असता, तर हे लिहायला बसलो नसतो.

त्या दिवसापासून माझा क्रम असा. आधी बोटातली अंगठी आणि हातातलं घड्याळ काढायचं. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली असते, कारण तोच दोन टर्मिनलांवर आडवा पडतो. सगळे तुकडे बाहेर काढून बॅटऱ्या मोकळ्या करायच्या, कागदावर चित्र काढायचं, मग जोडायचं. फ्यूज सगळ्यात शेवटी. आणि मोटरचा प्लग लावण्याआधी मीटर. १२ व्होल्टच्या मोटरला १३ च्या आसपास दिसले तरच प्लग. २५ दिसले तर हात मागे. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर लाल-काळी उलटी आहे. पाच वेगांची जुनी मोटर तेव्हा नुसती उलटी फिरते, पण बिनपायऱ्यांच्या वेगाच्या मोटरचं सर्किट जळतं. एक आणखी. आपला नेहमीचा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. डीसी मोजणारा वेगळा येतो, घेताना बघून घ्या.

चार्जिंग पडवीत, उघड्यावर. खाटेखाली नाही, आणि पेट्रोलच्या कॅनशेजारी तर नाहीच. होडीत बॅटरी पट्ट्याने बांधलेल्या, वरून हवा जाईल अशा पेटीत. घरी आल्यावर प्लग काढून मोटर गोड्या पाण्याने धुवायची. पावसाळ्यात होडी वर काढून झापांनी शाकारली की शिशाच्या बॅटऱ्या घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करा. लिथियम निम्मी भरलेली ठेवली की झालं.

किती वेळ चालेल, हे पाहुणे पहिलं विचारतात. १०० अँपिअर-अवर म्हणजे ५० अँपिअरने दोन तास, हा हिशेब शिशाला लागू नाही. तो १०० चा आकडा २० तास हळूहळू उपसली तर मिळणारा. जोरात उपसली तर बराच कमी, आणि त्यातली निम्मीच वापरायची. पुऱ्या वेगाला पाऊण तास धरा. वेग कमी केलात आणि करंट १० अँपिअरवर आणलात तर तीच बॅटरी सकाळ काढते. म्हणून आम्ही भरलेल्या बॅटरीने आधी पाण्याच्या उलट जातो आणि परत येताना पाण्याबरोबर. त्या दिवशी पुतण्याने बरोबर याच्या उलट केलं होतं.

नव्या वायरीने तीच मोटर, तीच बॅटरी. बॅटरीवर १२.०, मोटरच्या प्लगात ११.६. करंट ४० वरून ४५ वर गेला, म्हणजे पंख्याला शंभर वॅट जास्त मिळाले. ओहोटीला पुलाखालून वर चढते होडी, सावकाश, पण चढते. ते ०.४ अजून मला खुपतात. त्यातले निम्मे प्लगात जातायत, बोट ठेवलं की कळतं. तो बदलायचा आहे. जुन्या ४ एमएमच्या वायरीवर हिने पडवीत कपडे वाळत घातलेत.